निळ्या केसांची घडी

लेकीचा फोन आला तेव्हा भट्टीवाले मोरीत पाटावर बसले होते. पुढ्यात बादली, बादलीत गार पाणी, पाण्यात चिमूटभर साबण, आणि त्या साबणात उलटा करून बुडवलेला एक टी-शर्ट. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ते म्हणाले, "बोल गं. हात ओले आहेत, कान कोरडे आहेत."

"काय चाललंय?"

"काय चालणार? तुझ्या आईच्या पोरींना न्हाऊ घालतोय."

पलीकडे लेक हसली. ते पाण्यातला शर्ट हलकेच वरखाली करत राहिले.

"बाबा, मी रविवारी येतेय. चार दिवसांची रजा मिळालीय. तो शर्ट आहे ना अजून? शेवटचा?"

"आहे की."

"धुतला नाहीत ना?"

"वेडी का काय तू! बोटसुद्धा लावलं नाही. हॉस्पिटलातून आला तसा आहे. आईचा वास आहे त्यात, तो बाहेर पडू नये म्हणून असा बंद केलाय, असा बंद केलाय की मुंगी शिरायची नाही."

"मला एकदाच हवाय तो वास," लेक म्हणाली. "मी पोचले तेव्हा तिच्या अंगाला औषधांचाच वास येत होता. ती नव्हतीच ती."

"ये तू," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच ठेवलाय."

भट्टीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं ते गरम पाण्याच्या यंत्रांपुढे उभे होते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, वाफेवर चालवायचं, कडक घडी घालायची, पिशवीत भरायचं आणि पिशवीचं तोंड तापत्या पट्टीनं चिकटवून टाकायचं. कपडा म्हटला की तो उकळायचा, एवढं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिथं सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. घरी बायकोही चिडली की म्हणायची, "अहो भट्टीवाले, जरा थंड घ्या."

ती शाळेच्या कार्यालयात कारकून. दाखल्यांवर शिक्के मारून मारून तिच्या उजव्या अंगठ्याला कायमची जांभळी शाई. लेक सोळा वर्षांची असताना जिन्यावरून पडली, पायाला प्लॅस्टर चढलं आणि पोर पाच महिने खाटेला खिळली. तिचा वेळ जावा म्हणून आई शेजारी बसून तिच्याबरोबर जपानी मालिका बघू लागली. खालची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायची, वेगवेगळे आवाज काढायची. प्लॅस्टर निघालं, पोरगी धावायला लागली, तिचा नाद सुटला, आईचा सुटेना. पंचेचाळिशीची बाई, केसात पांढरं डोकावायला लागलेलं, आणि संध्याकाळी पडद्यापुढे मांडी घालून बसलेली.

"काय गं हे कार्टून बघत बसतेस पोरासोरांसारखी?" भट्टीवाले म्हणायचे.

"कार्टून नाही हो. ॲनिमे म्हणतात त्याला. आणि बसा इथं मुकाट्यानं, आज दीपगृहात वादळ येणार आहे."

त्या मालिकेत समुद्रातल्या दीपगृहात एकटीच राहणारी एक मुलगी होती. केस निळे, कमरेच्या खाली पोचणारे, आणि डोळे एवढे मोठे की त्यात दोन-दोन चंद्र मावावेत. ती रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला हात करायची. जहाजं कधीच थांबत नसत. बायको दर भागाला रडायची आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन पुढचा भाग लावायची.

मग त्या मुलीचं चित्र छापलेला शर्ट आला. एकामागून एक सात आले. कुठे दिवा लावणारी, कुठे पाठमोरी, कुठे पावसात भिजलेली. बायको शाळेतून आली की दिवसभराचे कपडे बदलून त्यातला एक चढवायची. "ह्या माझ्या पोरी," असं म्हणायची. त्यावर लेक रुसल्याचं सोंग करून विचारायची, "आणि मी कोण मग?" तर आई म्हणायची, "तू माझी सासू."

पहिल्या शर्टाची मात्र भट्टीवाल्यांनी वाट लावली. बायकोला खूश करावं म्हणून एकदा त्यांनी तो गुपचूप कामावर नेला आणि चादरींबरोबर उकळून काढला. वर कडक इस्त्री. घरी आणून तिच्या हातात ठेवला तेव्हा छातीवर मुलगी नव्हतीच. एक भुरकट डाग होता, आणि डागात कुठेतरी एक डोळा. बायकोनं शर्ट उलटापालटा करून पाहिला आणि पोट धरून हसत सुटली. "अहो, पोरीचं भूत करून आणलंत की!" तो भुताचा शर्ट तिनं मग स्वयंपाक करताना वर्षभर घातला. पण त्या दिवसापासून हुकूम सुटला: माझ्या पोरींना हात लावायचा नाही. आणि लावायचाच असेल तर आधी शिकायचं.

त्यांनी शिकून घेतलं. शर्ट आधी उलटा करायचा, म्हणजे चित्राला चित्र घासत नाही. पाणी गार. साबण मवाळ आणि थोडा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, दोन तळव्यांत धरून नुसतं दाबायचं. सावलीत वाळवायचा, खांद्यावर न टांगता आडवा टाकून. छापावर इस्त्री चुकूनसुद्धा नाही. आणि ठेवताना घडी घालायची नाही. मऊ जुन्या मलमलीचा तुकडा मध्ये घालून गुंडाळी करायची, फडताळात हवा खेळती ठेवायची. शिकवताना ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. शब्द तिचेच, चाल कुठल्यातरी जुन्या गाण्याची:

*चित्राचं ग कापड बाई, उलटं करून धुवावं,*
*आतल्या ग लेकरानं, डोळं मिटून न्हावं.*

ती गेली चार दिवसांत. एका संध्याकाळी शाळेतून आली, शर्ट बदलला, डोकं ठणकतंय म्हणून कपाळाला बाम चोळला, आणि पडद्यापुढे बसल्या बसल्या कलंडली. भट्टीवाल्यांनी तिला आपल्याच हॉस्पिटलात नेलं. तिथं आत घेताना तिच्या अंगावरचे कपडे काढून पिशवीत भरले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. वॉर्डातून आलेली पिशवी भट्टीत जायची, हा तिथला नियम. एकतीस वर्षांत त्यांनी तो कधी मोडला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी तिनं डोळे मिटले, आणि त्यांनी नियम मोडला. पिशवी काखोटीला मारून ते घरी आले.

तो शर्ट त्यांनी कसा ठेवला? शस्त्रक्रियेच्या चादरी ठेवत तसा. जगात त्याहून जपून ठेवलेलं कापड त्यांना माहीत नव्हतं. स्वच्छ बाजू आत यावी, बाहेरची धूळ तिला लागू नये, म्हणून छातीवरचं चित्र आतल्या बाजूला घेऊन कडक घडी घातली; मुलीचा एक गाल दुसऱ्या गालावर टेकला. घडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत सारली. तळव्यानं दाबून दाबून सगळी हवा काढली. पिशवीचं तोंड कामावरून मागून आणलेल्या तापत्या पट्टीनं सरळ रेषेत चिकटवलं. आणि ती पिशवी ट्रंकेच्या तळाशी, रजयांच्या खाली, दाबून ठेवली. उरलेल्या पाच शर्टांना ते बायकोच्या रीतीनं सांभाळत होते. ह्या एकाला मात्र स्वतःच्या रीतीनं.

मधे अख्खा उन्हाळा गेला. ट्रंक ज्या भिंतीला लागून होती ती भिंत दुपारभर तापायची.

लेकीचा फोन ठेवला आणि त्यांनी ट्रंक उघडली. रजया बाजूला केल्या. पिशवी तशीच होती, तोंड घट्ट, कुठे फुगलेली नाही. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी ती हातात घेऊन अंगठ्यानं घडीची कड जरा वाकवून पाहिली. कापड वाकेना. पुठ्ठ्यासारखा एकच जाड पदर लागला. दोन बोटांनी वरचा थर सरकवून पाहिला, तर वरच्याबरोबर खालचाही सरकला. कॉलरवर पिवळी झाक आलेली प्लास्टिकमधून दिसत होती.

ट्रंकेच्या काठाला धरून ते तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन छपाईवाल्याकडे गेले. सातही शर्ट ह्याच दुकानात छापलेले. छपाईवाला चाळिशीचा, दाढीत हिरव्या रंगाचा शिंतोडा, कानामागे पेन्सिल. त्यानं पिशवी उजेडात धरली, नखानं वाजवली.

"चिकटलंय, काका. उघडा बघू."

"उघडायचं नाही."

"मग काय एक्स-रे काढू?"

"आत तिचा वास आहे," भट्टीवाले म्हणाले.

छपाईवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली, उगाच पाहिली आणि पुन्हा खोचली. "त्या निळ्या केसवाल्या ताई? दर वेळी डोळ्यांतला चंद्र नीट उमटलाय का म्हणून भिंग घेऊन बघायच्या, त्या?"

"त्याच."

"अरेरे. मला कळलंच नाही हो." मग पिशवी फळीवर ठेवून, जणू आत कुणी निजलंय असा आवाज खाली आणून तो सांगू लागला. "हे बघा, हा रंग म्हणजे शेवटी प्लास्टिकचीच जात. तोंडाला तोंड लावून ठेवलंत, वर वजन, त्यात उन्हाळा, आणि हवा तर तुम्ही ठेवलीच नाहीत. दोन्ही थर मऊ झाले आणि बिलगले. वर घाम आहे आतला, तो रंग खातो. काका, राग मानू नका, पण तुम्ही तर तिला कोंडलंत की हो."

राग कसला मानणार? भट्टीवाले फळीवरच्या पिशवीकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या हजारो घड्यांमध्ये ही एकच घडी चुकली होती, आणि ती चुकायला नको होती.

"काही करता येईल?"

"गरम काही लावू नका. इस्त्री नाही, वाफ नाही."

"तेवढं आता मलाही कळतं."

"फ्रीजरमध्ये ठेवा. पिशवीसकट. पाच-सहा तास. रंग आखडला की सुटायला बघतो. बाहेर काढल्याबरोबर कापायचं आणि कडेपासून हळूहळू उलगडायचं, एका दमात. मध्ये थांबायचं नाही, थांबलात की तिथं तडा जातो. थोडं चित्र इकडचं तिकडं जाणारच. आणि उलगडलंत की लगेच धुऊन टाका. आणखी महिनाभर तसाच ठेवलात तर चित्र राहायचं नाही."

"धुतला तर वास राहायचा नाही."

"नाही राहायचा," छपाईवाला म्हणाला. "दोन्हीपैकी एकच मिळेल, काका."

रविवारी सकाळी लेक आली. दारातच बापाच्या गळ्यात पडली, मग लांब होऊन त्यांना न्याहाळत म्हणाली, "किती वाळलात! स्वतःला पण सावलीत घातलंत का?"

"आत ये. आधी एक ऐक, मग काय ती थट्टा कर."

त्यांनी सगळं सांगितलं. घडी कशी घातली, हवा कशी काढली, छपाईवाला काय म्हणाला. काही लपवलं नाही, आणि मान काही वर केली नाही. लेक ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आत्ता कुठाय?"

"पहाटे फ्रीजरमध्ये ठेवलाय. मटारच्या शेजारी."

लेक एकदम फस्सकन हसली. हसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "मटारच्या शेजारी," ती म्हणत राहिली. "आई काय म्हणाली असती, बाबा!"

"म्हणाली असती, अहो भट्टीवाले, आता जरा जास्तच थंड घेतलंत."

अकराच्या सुमारास त्यांनी टेबल पुसलं, वर कोरडी चादर अंथरली. फ्रीजरमधून पिशवी काढली. प्लास्टिकवर लगेच दव जमलं. भट्टीवाल्यांनी कात्रीनं तोंड कापलं. लेक नकळत पुढे वाकली, नाक घेऊन. मग मागे सरकली.

"काहीच नाही येत."

"गार आहे अजून. थंडीत वास निजतो. आधी हे उलगडू दे. तू खालची बाजू घट्ट धर."

त्यांनी कड धरली आणि ओढायला सुरुवात केली. कर्र असा बारीक आवाज आला. आधी केस सुटले, निळ्या बटा एकेक, जवळजवळ धड. मग कान. मग कपाळ. भट्टीवाल्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"थांबू नका बाबा."

"नाही थांबत."

"डोळा आला. डोळा येतोय. हळू."

डावा डोळा सुटला नाही. तो उजव्या गालावरच राहिला. एक टिचकी वाजल्यासारखा आवाज झाला आणि घडी मोकळी झाली. चादरीवर मुलगी उताणी पसरली होती. एका बाजूला डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं कापड, दुसऱ्या बाजूला डोळ्याच्या खाली, गालावर, दुसरा डोळा. त्यातला चंद्र मात्र शाबूत.

दोघं बघत राहिली.

"एवढं काही वाईट नाही," लेक म्हणाली. "एका बाजूचं बघायचं नाही म्हणते, आणि दुसऱ्या बाजूचं दोनदा."

भट्टीवाल्यांनी शर्ट उचलला आणि कॉलरच्या आतली जागा, जिथं मानेचा घाम मुरतो ती, लेकीपुढे धरली. "तू आधी घे. गरम व्हायला लागलाय. बाहेर पडला की उडून जाईल, वाट बघायचा नाही तो."

"तुम्ही?"

"मी तिच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं राहिलोय. घे."

लेकीनं दोन्ही हातांनी शर्ट धरला, तोंड त्यात खुपसलं आणि त्यावर आपला श्वास सोडला, जसं हिवाळ्यात हात शेकायला सोडतात. मग आत ओढला. तिचे खांदे एकदम खाली आले. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. तिनं तोंड वर काढलं तेव्हा तिचा चेहरा लहानपणीचा झाला होता.

"बाम," ती म्हणाली. "आणि शाई. शिक्क्याची शाई, बाबा! आणि ते तिचं तेल." तिनं शर्ट घाईघाईनं त्यांच्या हातात कोंबला. "घ्या, लवकर घ्या."

भट्टीवाल्यांनी शर्ट तोंडाशी नेला. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. प्लास्टिकचा वास आला. मग लेकीच्या शांपूचा. तिच्या आसवांनी कॉलर ओली झाली होती, त्या ओल्या कापडाचा. त्यांनी जागा बदलली, बाहीपाशी पाहिलं, काखेपाशी पाहिलं. नाही. खूप खोल, खूप आत गेले, तिथंही नाही.

"आला ना?" लेकीनं विचारलं.

"आला तर," भट्टीवाले म्हणाले. शर्ट त्यांनी तोंडापासून हलवला नाही. "बाम. आणि शाई."

"आणि तेल."

"हो. तेल."

लेकीनं डोळे पुसले. दोघांनी शर्टाकडे पाहिलं. तो आता पुरता मऊ झाला होता, खोलीसारखाच कोमट. चिरलेल्या रंगाच्या कडा बारीक उचलल्या गेल्या होत्या.

"धुवायचा ना?" तिनं हळूच विचारलं.

"तू म्हणशील तसं. तुझ्यासाठी ठेवला होता."

तिनं चिरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला मिळाला वास. आता ती तरी राहू दे. जेवढी राहील तेवढी." आणि लगेच, "पण मी बघणार नाही. मी मलमलीचा तुकडा शोधते. कुठं ठेवलाय?"

"फडताळात. वरच्या खणात."

ती आतल्या खोलीत गेली. भट्टीवाल्यांनी मोरीत पाट ओढला. बादलीत गार पाणी सोडलं, कोपर बुडवून पाहिलं. शर्ट उलटा केला, उचललेल्या कडांना धक्का लागू नये म्हणून एकेक बाही आतून बोटांनी ओढत, तान्ह्या बाळाचं झबलं काढावं तसा. मग तो दोन्ही तळव्यांवर आडवा घेऊन पाण्याशी नेला आणि ते थांबले. पलीकडे फडताळाचं दार वाजलं. त्यांनी हात पाण्याखाली नेले.

कापड आधी तरंगलं, मग भिजत भिजत जड झालं. धाग्यांत अडकलेली हवा सुटू लागली. कॉलरपाशी एक बुडबुडा वर आला, फुटला. मागोमाग दुसरा. मग बारीक बारीक, एकामागून एक, रांग लागल्यासारखे. भट्टीवाल्यांनी पाहिलं आणि ते एका झटक्यात वाकले. गुडघे पाटावरून घसरले, कपाळ बादलीच्या काठाला लागलं, तरी ते वाकले, नाक पाण्याला टेकेल इतके.

"बाबा," लेकीनं आतून हाक मारली. "साबण घातलात का? जास्त नको हां, चिमूटभरच."

"थांब," भट्टीवाले पाण्यावर वाकूनच म्हणाले. "घालतो. जरा थांब."